न ऐकता घेतलेला आवाज

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कोणाशी, तर आपल्याच घरातल्या तरुण मंडळींशी. तेव्हा पुतणे, भाचे, जावई यांनी अर्ध्यातून फोन करू नये, आधी शेवटपर्यंत वाचावं.

स्पीकर आणि तो सबवूफर नावाचा ठोकळा आता लोक ऑनलाइन मागवतात. न ऐकता! फोटो बघायचा, वॅट बघायचे, तारे मोजायचे आणि बटण दाबायचं. माझं म्हणणं, ही पद्धत चुकीची आहे. आणि वस्तू घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घेतली असेल, तर ती निर्दयसुद्धा आहे. शब्द जड वाटला? वाटू दे.

मी राहतो सांगलीत. इथून दहाएक किलोमीटरवर मिरज. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुम्ही वाचलं असेलच. त्या गल्लीत जाऊन बघा. तंबोरा घेणारा माणूस मांडी घालून बसतो, तारा छेडतो, डोळे मिटतो. कारागीर जवारी काढतो, परत छेडायला सांगतो, परत काढतो. तासन् तास चालतं हे. भोपळ्याचा व्यास किती इंच, हा प्रश्न तिथे कोणी पहिला विचारत नाही. तंबोरा कशाला, आमची आई साधा माठ घेताना बोटाने वाजवून घ्यायची. आणि तुम्ही वीस-पंचवीस हजारांचा आवाज आकडे वाचून घेता?

बरं, ते आकडे तरी काय सांगतात? पूर्वी खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘पीएमपीओ’ वॅट छापायचे. तळहाताएवढ्या स्पीकरला हजार-दोन हजार वॅट! ती क्षणभराची, कागदावरची ताकद. सतत वाजताना किती, हे सांगणारा आरएमएसचा आकडा कुठेतरी बारीक अक्षरात, किंवा नाहीच. आता खोक्यावर असतं, ‘२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ’. माणसाच्या कानाची मर्यादाच छापून टाकली की झालं! पण त्या टप्प्यात आवाज कुठे किती डेसिबलने वर जातो, कुठे खाली पडतो, हे लिहिलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. पटावर नाव आहे म्हणजे पोरगा वर्गात बसला, असं होत नाही. चौतीस वर्षं हजेरी घेतली आहे, मला सांगू नका.

यावर भाचा म्हणतो, “मामा, यूट्यूबवर वाजवून दाखवतात ना.” अरे शहाण्या, तो स्पीकर तू ऐकतोस कशातून? तुझ्या मोबाइलच्या स्पीकरमधून! पूर्वी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर रंगीत टीव्हीची जाहिरात यायची, तसलाच प्रकार.

राहिले तारे. ऑनलाइन अभिप्रायांत इतकी भेसळ होते की २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोला त्यासाठी आयएस १९००० नावाचं मानक काढावं लागलं (तेही ऐच्छिक!). आणि अभिप्राय अगदी खरा असला तरी तो कान त्याचा, खोली त्याची. ‘बास जबरदस्त, भिंती हादरतात’ असं लिहून पाच तारे देणाऱ्याला काय हवं होतं, ते त्यानेच सांगितलं आहे. तुमच्या वडिलांना भिंती हादरवायच्या आहेत का, एवढं तरी विचारा.

हे तावातावाने लिहायचं कारण सांगतो.

माझे एक जुने सहकारी आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. वहिनी गेल्यापासून एकटेच असतात. संध्याकाळी दिवा लावला की दोन तास नाट्यगीतं ऐकायची, हा त्यांचा नेम. शब्द न् शब्द पाठ, तरी शब्दांसाठीच ऐकायचे. जुना टेपरेकॉर्डर कुरकुरायला लागला म्हणून परगावच्या मुलाने मोठ्या प्रेमाने साउंडबार आणि सबवूफर पाठवला. ऑनलाइन. जोडायला माणूस आला, त्याने सबवूफर कोपऱ्यात सारला, दहा मिनिटांत गेला. पुढे दीडेक महिन्याने मी गेलो तर संध्याकाळ असून घर चिडीचूप. म्हटलं, सर, आज गाणं नाही? म्हणाले, “कान गेले हो माझे. शब्दच कळत नाहीत.”

लावायला सांगितलं. डग्ग्यावर हात पडला की शेजारच्या घरात कोणी उखळात कांडतंय असं वाटायचं, आणि त्या धबधब्यात गाणाऱ्याचे शब्द पार बुडालेले. कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, वयामानाने वरचे आवाज कमी झालेत, बाकी कान ठीक आहेत.

आता यातली गंमत (गंमत कसली!) समजून घ्या. वय वाढलं की ऐकू येणं आधी वरच्या बाजूने कमी होतं. स, श, त, क ही व्यंजनं ओळखायची ती त्याच वरच्या, बारीक आवाजांवरून. आणि खालचा जाड आवाज मोठा झाला की वरचे बारीक आवाज झाकले जातात, हा कानाचा स्वभावच आहे. म्हणजे ज्या माणसाला शब्द उजळून हवे होते, त्याला त्यांच्यावर घालायला घोंगडी पाठवली.

त्यात खोली बारा फुटांची. बारा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झचा आवाज अडकून घुमतो. कोपऱ्यात सबवूफर ठेवला की घुमणं आणखी वाढतं. काळी एकमध्ये षड्ज सुमारे १३८ हर्ट्झ, तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर. म्हणजे खालचा आवाज आपल्या संगीतालाही हवाच आहे, पण गोल, वेळेवर थांबणारा. तो थांबतो की घुमत राहतो, हे कुठल्या आकड्यात दिसणार?

सबवूफर कोपऱ्यातून काढला, मागची खुंटी फिरवून जवळपास मुका केला. शब्द थोडे वर आले, पण उरलेला आवाज पत्र्यासारखा. परत करावा म्हणून मी स्वतः फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलली, पण एकच विचारत होती, “सर, प्रॉडक्टमध्ये डिफेक्ट आहे का?” डिफेक्ट नाही हो बाई, आवाज वाईट आहे! तर सात दिवसांची मुदत संपलेली, आणि तीही बदलून देण्याची, पैसे परत देण्याची नव्हे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत वस्तू सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा ठरल्यापेक्षा उशिरा आली असेल तर विक्रेत्याने ती परत घ्यायलाच हवी, असं आहे. ‘ऐकवत नाही’ हे कारण त्यात नाही. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत काहीही कारण न देता परत करता येते. तिथे न ऐकता मागवणाऱ्याला निदान घरी ऐकायची सोय आहे. आपल्याकडे कशाच्या जोरावर धाडस करता?

सरांनी मुलाला अजून सांगितलेलं नाही. “एवढ्या प्रेमाने पाठवलंय, कशाला दुखवायचं?” म्हणजे मुलाच्या मते वडील मजेत गाणी ऐकताहेत.

आता तुमचे आक्षेप. दुकानात ऐकलेलं घरी तसं वाजत नाही, हा पहिला. अगदी बरोबर. म्हणून घरीही ऐकून घ्या म्हणतो मी. मुळीच ऐकू नका हा निष्कर्ष कुठून काढलात? दुकानदार महागडी वस्तू मोठ्याने वाजवून भुलवतात, हा दुसरा. भुलवतात खरे. कानाला मोठा आवाज नेहमी जास्त चांगला वाटतो. दोन्ही सारख्या आवाजात लावायला सांगावं, आणि आपल्या पाठ असलेल्या गाण्याची सीडी न्यावी. ऑनलाइन स्वस्त पडतं, हे खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या गावात दुकानच नाही, हाही आक्षेप मान्य. पण दुकानं का नाहीत? मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये रेकॉर्ड ऐकून घ्यायला बूथ होते. ते २०१६ साली बंद झालं. आमच्या इथल्या एका दुकानात खुर्च्या टाकून ऐकवायचे, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकताहेत. आणि दुकानात तासभर फुकट ऐकून, फोटो काढून, घरी येऊन ऑनलाइन मागवणारे महाभाग आपल्याच नात्यात आहेत. नावं लिहीत नाही, ते वाचताहेत.

पुढच्या रविवारी सरांना घेऊन कोल्हापूरला जातोय, दोन लहान स्पीकर ऐकायला. सबवूफर नको, असं त्यांनी आधीच बजावलं आहे. आणि माझ्यासाठी कोणाच्या मनात काही घ्यायचं असेल, तर दिवाळीत आलात की अर्धा दिवस काढा. गाडी तुमची, कॅसेट माझ्या. (तिथे कॅसेट लावायची सोय नसेल, ठाऊक आहे. सीडी करून ठेवल्या आहेत.)