बनी तो बनी, नाहीतर परभणी!

माझा चुलतभाऊ चुडाव्यात अभ्यासिका चालवतो. पूर्णा जंक्शन आणि नांदेडच्या मधलं हे स्टेशन. सकाळच्या गाडीनं पोरं-पोरी नांदेडला कॉलेजला जातात, परत आली की अभ्यासिकेत बसतात. कुणाची पोलीस भरती, कुणाची तलाठी, कुणाची एमपीएससी. चाळीस खुर्च्या, एक इन्व्हर्टर आणि एक जाडजूड वही, एवढाच कारभार. वहीत नाव, मोबाइल नंबर, फी कधी दिली, किती राहिली. वही हरवली की महिनाभर नुसती भांडणं.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. ‘भाऊ, ॲप बनवलंय. मीच!’

हा माणूस बी.ए. झालेला. कोडिंगची एक ओळ त्यानं आयुष्यात लिहिलेली नाही. मोबाइलवर एका एआय टूलला त्यानं मराठीत सांगितलं, ‘अभ्यासिकेसाठी ॲप बनवून दे. चाळीस सीट, महिन्याची फी, ज्याची राहिली त्याचं नाव लाल दाखव, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन दे.’ चहा होईपर्यंत पहिला स्क्रीन समोर हजर. मग सुचेल तसं वाढवत गेला. आल्या-गेल्याची वेळ नोंदव, फोटो लाव, ओळखपत्र म्हणून आधार अपलोड करून घे. मधे लाल अक्षरांत एरर आली की ती जशीच्या तशी कॉपी करून परत चिकटवायची आणि लिहायचं, ‘हे आलंय, नीट कर.’ एकदा एकच सीट दोघांना गेली. एकदा पावतीच्या पीडीएफमध्ये ‘विद्यार्थी’ या शब्दाच्या जागी नुसत्या चौकटी आल्या, कारण देवनागरीचा फॉन्टच त्यात नव्हता. तेही सांगून-सांगून सुधारलं. दोन रात्रींत ॲप तयार.

या प्रकाराला जगभर ‘व्हाइब कोडिंग’ म्हणतात. हे नाव दिलं आंद्रेय कारपाथी यांनी. ओपनएआयच्या संस्थापक मंडळींपैकी एक, पुढे टेस्लात एआयचे प्रमुख. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी एक्सवर लिहिलं होतं, की आपण आता टूलशी नुसतं बोलतो, ते सुचवेल ते बदल न वाचता स्वीकारतो आणि कोड नावाची काही गोष्ट आहे हेच विसरून जातो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॉलिन्स डिक्शनरीनं हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. मराठीत मी त्याला ‘अंदाजपंचे कोडिंग’ म्हणेन. आमच्याकडे तर त्याला जुनी म्हणच तयार आहे: बनी तो बनी, नहीं तो परभणी!

पण कारपाथींच्या त्याच पोस्टमधली एक गोष्ट लोक सोयीनं विसरले. ही पद्धत शनिवार-रविवारच्या, वापरून फेकून द्यायच्या प्रोजेक्टसाठी ठीक आहे, असं त्यांनी तिथेच म्हटलं होतं. चाळीस जणांचे आधार कार्ड सांभाळणारं ॲप हा फेकून द्यायचा प्रोजेक्ट नाही.

हे लक्षात कुणी आणून दिलं? अभ्यासिकेत बसणाऱ्या, नांदेडला बी.सी.एस. करणाऱ्या एका मुलीनं. ती स्वतःची फी बघायला लॉगिन झाली. वर ब्राउझरच्या पत्त्याच्या शेवटी १७ आकडा होता. तिनं सहज तिथे १८ केलं. समोर दुसऱ्याच मुलीचं पान! नाव, मोबाइल नंबर, फोटो, आधार आणि रोज संध्याकाळी ती किती वाजता निघते ती वेळसुद्धा. १९ केलं, तिसरीचं पान. ‘दादा, मला सगळ्यांचंच दिसायलंय,’ ती म्हणाली. भावाला आधी गंमत वाटली. मग तिनं विचारलं, ‘म्हणजे माझं पण सगळ्यांना दिसायलंय ना?’ तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

गावात हा प्रश्न कागदोपत्री राहत नाही. एखाद्या मुलीचा नंबर आणि तिची घरी जायची वेळ नको त्याच्या हातात गेली, तर पुढे काय होतं हे वेगळं सांगायला नको. पहिला परिणाम तर ठरलेलाच, घरचे म्हणणार, ‘उद्यापासून अभ्यासिका बंद.’ चूक ॲपची आणि शिक्षण तिचं थांबणार.

मग एआयनं चूक केली का? नाही म्हटलं तरी चालेल. त्यानं सांगितलेलं सगळं केलं. लॉगिन माग, म्हटलं, मागितलं. पण ‘लॉगिन झालेल्या माणसाला फक्त त्याचीच ओळ दिसली पाहिजे’ असा नियम डेटाबेसला वेगळा सांगावा लागतो. तो कुणी सांगितलाच नव्हता. अभ्यासिकेच्या दाराला कुलूप लावलं, आतल्या कपाटांना लावायचं राहिलं, असं समजा. स्क्रीनवर जे दिसायला हवं ते आपण बरोबर मागतो. जे दिसू नये, ते मागायचं आपल्याला सुचतच नाही आणि ॲप तर मस्त चालू असतं! बिघडलेली गोष्ट लगेच कळते. उघडी राहिलेली गोष्ट कुणी शोधेपर्यंत कळत नाही.

हे फक्त चुडाव्यातच घडलं, असं नाही. स्वीडनची लव्हेबल ही या क्षेत्रातली गाजलेली कंपनी. २०२५ मध्ये तिच्या टूलवर बनलेली १,६४५ ॲप्स तपासली गेली, त्यातल्या १७० ॲप्समधली माहिती बाहेरच्या कुणालाही वाचता येत होती. मूळ कारण तेच, कुणाला कोणती ओळ दिसावी याचे नियम नीट लिहिलेले नव्हते. जुलै २०२५ मध्ये याहून भारी प्रकार झाला. अमेरिकेतले उद्योजक जेसन लेम्किन रेप्लिटच्या एआय एजंटकडून ॲप बनवून घेत होते. आता काहीही बदलू नकोस, असं स्पष्ट बजावलेलं असताना एजंटनं चालू डेटाबेसच पुसून टाकला. वर सांगितलं, की आता तो परत आणता येणार नाही. प्रत्यक्षात आणता आला! कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली आणि प्रयोगाचा डेटाबेस आणि खरा डेटाबेस वेगळे ठेवायची सोय केली. ही सोय आपल्या टूलमध्ये आहे का, हे किती जण बघतात? भावानं तरी बघितलं नव्हतं. त्याच्याकडे बॅकअप म्हणून होती ती जुनी वही, तीही निम्मी कोरी.

कायद्याचंही बघायला हवं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू होतील. माहितीच्या सुरक्षिततेत हयगय झाली, तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. अभ्यासिकेला कुणी २५० कोटी लावणार नाही, घाबरू नका. पण १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळणी केलेली संमती हवी, असं हाच कायदा म्हणतो. अकरावी-बारावीची पोरं अभ्यासिकेत बसतातच की. शिवाय साधा प्रश्न, खुर्ची भाड्यानं द्यायला आधारचा फोटो लागतो कशाला? अगदीच हवा असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं ‘मास्क्ड आधार’ असतं. वहीच्या काळात कुणी आधार मागत नव्हतं. ॲपमध्ये अपलोडचं बटण फुकटात मिळालं, म्हणून मागितलं.

आणि फुकट हा या गोष्टीतला मोठा भाग आहे. ३० ऑक्टोबर २०२५ ला जिओनं १८ ते २५ वयाच्या ग्राहकांपासून सुरुवात करत जेमिनी प्रो १८ महिने मोफत जाहीर केलं. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयनं चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत दिलं. आता चुडाव्याच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत बसलेल्या पोराच्या हातात जे टूल आहे, तेच बंगळुरूच्या इंजिनिअरच्या हातात आहे. ही छोटी गोष्ट नाही. अभ्यासिकेचं ॲप कुठलीही आयटी कंपनी चुडाव्याला बनवून द्यायला येणार नव्हती, कारण त्यात तिला पैसेच नाहीत. गावातल्या बारक्या कामांना पहिल्यांदाच सॉफ्टवेअर मिळतंय, तेही ते काम करणाऱ्याच्याच हातून. म्हणून ‘हे सगळं धोक्याचं, नकोच ते’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मग बी.सी.एस., बी.सी.ए. करणाऱ्यांनी काय करायचं? कोड तर आता कुणीही बनवतं, आमची डिग्री कशाला, हा प्रश्न नांदेडच्या कॉलेजांमध्येही ऐकू येतो. अमेरिकेतल्या ‘मेटर’ या संस्थेनं २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरवर प्रयोग केला. एआय वापरून आपलं काम २० टक्के लवकर झालं, असं त्यांना वाटलं. घड्याळ लावून बघितलं तर १९ टक्के उशीर झाला होता. प्रयोग छोटा, टूल त्या वेळची आणि प्रोजेक्ट त्यांच्या ओळखीचे, मोठे होते. त्यावरून सरसकट निष्कर्ष काढू नये. पण आपल्याला वाटतं ते आणि प्रत्यक्ष होतं ते यात अंतर पडू शकतं, आणि ते अनुभवी लोकांनाही कळत नाही, एवढं त्यातून दिसतं. आमच्याकडे १७ चं १८ करून बघणाऱ्या मुलीनं हेच अंतर अर्ध्या मिनिटात उघडं पाडलं. डेटाबेसचा पेपर घोकून पास होणाऱ्यांना ते जमलं असतंच असं नाही. पण डेटाबेस म्हणजे काय हे माहीत नसताना तर तिलाही १८ टाकायचं सुचलं नसतं.

पुढचे तीन दिवस दोघं मिळून बसले. तिनं सांगितलं तसं भावानं टूलला लिहिलं, की प्रत्येकाला फक्त स्वतःचीच ओळ दिसली पाहिजे आणि हा नियम स्क्रीनवर नको, डेटाबेसमध्ये लाव. टूलनं ‘झालं’ म्हणून सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही. दोन खोटी खाती काढली, एकात लॉगिन होऊन दुसऱ्याचं पान उघडून बघितलं. पहिल्या वेळी उघडलंच! तिसऱ्या वेळी बंद झालं. आधारचे फोटो काढून टाकले. जाण्या-येण्याची वेळही काढली, कारण तिचा फीशी काहीच संबंध नव्हता. दर रविवारी यादी एक्सेलमध्ये उतरवून ठेवायचं ठरलं.

ॲप अजून चालू आहे. वहीपण टेबलावर परत आलीय. आता गावात हळद शिजवायचा कुकर भाड्यानं देणाऱ्यानं तिला विचारलंय, ‘आमच्या बुकिंगचं पण एखादं ॲप काढून दे की.’ तिनं त्याला सांगितलं, ‘काका, देते. आधी सांगा, त्यात शेतकऱ्यांचं काय काय लिहून ठेवणार?’ काकांनी अजून उत्तर दिलेलं नाही.