भूक शमली, धातूंचे काय?

मौंजारो व वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा टोचावयाची औषधे २०२५ साली भारतात आली आणि ती घेणारे स्थूल रुग्ण आमच्याही चिकित्सालयात येऊ लागले. भूक मंदावते, जठर उशिरा रिते होते. रुग्ण चार घासांतच ताटावरून उठतो. वजन उतरते खरे, परंतु मेदाबरोबर मांसधातूही झिजतो. अशा रुग्णास वैद्याने सवयीने लंघन सांगावे, किंवा औषधालयाने मेदोहर गुग्गुळ हाती द्यावा, हे आम्हांस सर्वथा अनुचित वाटते. लंघन तर आधीच घडते आहे! काल दिवसभरात काय खाल्ले, हे प्रथम विचारावे. मुगाचे कढण, ताक, पनीर, चालत असल्यास अंडे आधी, भात-पोळी मागाहून. छर्दी थांबत नसल्यास मात्र औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे त्वरित पाठवावे.