विश्लेषण : ब्रिटिश नागरिकाशी लग्न झाले, व्हिसाचे काय?

लग्न कुणाशी करायचे, हे ब्रिटनचा कायदा सांगत नाही. लग्नानंतर त्या देशात एकत्र नांदायचे की नाही, हे मात्र पगाराची पावती ठरवते. ११ एप्रिल २०२४ पासून परदेशी जोडीदाराला आणू पाहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाचे वार्षिक उत्पन्न किमान २९ हजार पौंड असावे लागते. त्याआधी, २०१२ पासून, ही अट १८,६०० पौंडांची होती. सून किंवा जावई म्हणून तिकडे जाणाऱ्यांच्या घरी हा हिशेब साखरपुड्याआधी मांडलेला बरा.

पगार कुणाचा मोजतात?

इथेच अनेकांची फसगत होते. समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीचा पगार तिकडच्या मुलापेक्षा जास्त आहे. भारतातून अर्ज करताना तिचा हा पगार धरला जात नाही. सासऱ्यांचे ‘आम्ही आहोत ना’ हे आश्वासनही सहसा कामी येत नाही. दोघांपैकी कुणाचीही बचत दाखवता येते. पण निव्वळ बचतीवर भागवायचे तर ८८,५०० पौंड, म्हणजे कोटी रुपयांच्या आसपासची रक्कम, सहा महिने हाताशी असल्याचे सिद्ध करावे लागते.

आता ही अट कुणाला आडवी येते ते पाहा. एप्रिल २०२४ मध्ये तिथले किमान वेतन ताशी ११.४४ पौंड झाले. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे काम केले तरी त्या दराने बेरीज २३,८०० पौंडांच्या पुढे जात नव्हती. म्हणजे दुकानात किंवा गोदामात पूर्णवेळ राबणारा नागरिक आपल्याच देशात आपल्या बायकोला आणू शकत नाही. त्यातही लंडनच्या पगाराला आणि ईशान्य इंग्लंडमधल्या गावातल्या पगाराला एकच मोजपट्टी. लग्न ही फक्त बऱ्यापैकी कमावणाऱ्यांची चैन आहे, असेच हा नियम सांगतो.

उत्पन्न पुरेसे असले तरी खर्च आहेच. व्हिसा शुल्काखेरीज प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, मग मुदतवाढ, आणि पाच वर्षांनी कायम वास्तव्याचा अर्ज. इंग्रजीची परीक्षा वेगळीच.

‘आधी फिरायला जातो, तिथेच नोंदणी करून टाकतो’ हा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो ऐकू नये. साध्या पर्यटक व्हिसावर तिथे लग्न करता येत नाही. नियोजित वधूवरांसाठी सहा महिन्यांचा वेगळा व्हिसा असतो. त्यावर नोकरी करता येत नाही. लग्नाची नोटीस २८ दिवसांची असते आणि गृह खात्याला शंका आली तर ती ७० दिवसांपर्यंत लांबते. लग्न इथेच झाले असेल तर मंगल कार्यालयाची पावती आणि अल्बम यांवर विसंबू नका; विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र काढून ठेवा.

हा संशय नवा नाही

१९७९ मध्ये लग्नासाठी हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी करण्यात आली होती. ती खरोखर अविवाहित वाग्दत्त वधू आहे का, हे अधिकाऱ्यांना ‘तपासायचे’ होते. बातमी फुटल्यावर तो प्रकार थांबला. पुढे लग्नाचा मुख्य हेतू देशात शिरण्याचा नाही हे अर्जदारानेच सिद्ध करावे, असा नियम होता आणि त्याचा फटका प्रामुख्याने भारतीय उपखंडातील कुटुंबांना बसला. तो १९९७ मध्ये रद्द झाला. आज कुणी चारित्र्य विचारत नाही. बँकेचे विवरण मागतात.

सरकारचा युक्तिवाद असा की, येणाऱ्याचा भार करदात्यावर पडू नये. तो अगदीच चुकीचा नाही. पण या व्हिसावर येणाऱ्यांना बहुतेक सरकारी भत्ते तसेही मिळत नाहीत. मग एवढ्या उंच भिंतीची गरज काय? ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरवली, पण मुलांच्या हिताचा नियमांत पुरेसा विचार नसल्याचे सुनावले. आधीच्या सरकारला ही मर्यादा ३८,७०० पौंडांवर न्यायची होती. नव्या सरकारने ती वाढ रोखून स्थलांतर सल्लागार समितीकडे प्रश्न सोपवला आणि जून २०२५ मध्ये समितीनेही तेवढी वाढ नको असे मत दिले.

ज्यांचे लग्न ठरले आहे त्यांनी अर्जाच्या दिवशी लागू असलेला आकडा ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरच पाहावा, एजंटाच्या व्हॉट्सअॅपवर नव्हे.