शब्दांची खतावणी : नादिरशाही

लोकशाही, नोकरशाही, हुकूमशाही, घराणेशाही : 'शाही' लागून आलेले हे शब्द कोणत्या ना कोणत्या व्यवस्थेची ओळख करून देतात. 'नादिरशाही' मात्र एका माणसाच्या नावे आपल्या भाषेच्या खात्यावर चढली आहे.

इराणचा नादिरशहा १७३६ मध्ये गादीवर आला. फेब्रुवारी १७३९ मध्ये कर्नालच्या लढाईत मोगल बादशहा महंमदशहाचा पराभव करून तो दिल्लीत शिरला. पुढील अनर्थाची ठिणगी पडली ती पहाडगंजच्या धान्यबाजारात. इराणी शिपाई धान्याचा भाव ठरवून देऊ लागले. व्यापाऱ्यांना तो मान्य झाला नाही आणि दंगा उसळला. त्यातच नादिरशहा मारला गेल्याची आवई उठली व अनेक इराणी शिपाई कापले गेले. दुसऱ्या दिवशी चांदणी चौकातील सुनहरी मशिदीत बसून त्याने कत्तलीचा हुकूम दिला. दंग्याशी काडीचा संबंध नसलेली हजारो माणसे काही तासांत प्राणास मुकली. बाजार लुटले गेले, वाचलेल्यांकडून खंडणी घेतली गेली, मयूरासन व कोहिनूर इराणला गेले.

शब्दाचा अर्थ या घटनेतच आहे. 'मोगलाई' म्हणजे बेबंद, अनागोंदी कारभार. 'अरेरावी' ही बोलण्याची व वागण्याची मग्रुरी. ती कारकुनाच्याही अंगी असू शकते. 'हुकूमशाही' ही राज्यपद्धती. 'नादिरशाही'त मात्र सत्ता, लहर व क्रौर्य एकत्र येतात आणि दाद मागण्यास जागा उरत नाही.

म्हणून हा शब्द जपून वापरावा. नियमावर बोट ठेवणाऱ्या अधिकाऱ्यास आपण चटकन नादिरशहा म्हणतो. परंतु जो नियम सांगणाऱ्यालाही बांधतो, ज्याचे कारण विचारता येते, ती शिस्त होय. पेढीवर रोजचा मेळ घातल्याखेरीज दिवे मालवू न देणारे आजोबा कडक असतील. ते नादिरशहा नव्हेत.

दुसरी बाजूही पाहावी. बँकेतील नोकरीत मी एक दृश्य वारंवार पाहिले. कर्जाचे कागद पुढे येत, वडीलधारे 'सही कर' म्हणत आणि मुलगा किंवा सून एक ओळही न वाचता जामीनदार म्हणून सही करीत. आवाज चढलेला नसे, क्रौर्य तर मुळीच नसे. तरीही प्रश्न विचारण्याची सोय नसे, आणि कर्ज थकल्यास नोटीस मात्र त्या सहीच्या नावे निघे. याला नादिरशाही म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण तिचा पहिला हप्ता असाच भरला जातो.

नादिरशहाने पुढे संशयापायी स्वतःच्या थोरल्या मुलाचे डोळे काढविले आणि १७४७ मध्ये त्याच्याच सरदारांनी त्याला रात्री तंबूत ठार केले. ज्याला कोणी 'का?' विचारू शकत नाही, त्याला वेळेवर सावध करणारेही कोणी उरत नाही. घरातील कर्त्या माणसाने म्हणूनच सही मागण्यापूर्वी कागद वाचावयास द्यावा. त्याने अधिकार कमी होत नाही, त्याची पत वाढते.