मिरचीला जाताना मोटारसायकल कशी ठेवावी?

धानाची मळणी आटोपली की आपल्या भागात हातांना काम उरत नाही. उन्हाळी धानाला ज्यांच्याकडे पाणी आहे ते बांधीत राहतात. बाकीच्यांपैकी अनेक जण जानेवारीत मिरची तोडायला तेलंगणात, खम्मम-वरंगळकडे निघतात. सानगडी-साकोलीकडची काय किंवा गोंदिया-गडचिरोलीकडची काय, सगळीकडे हीच कथा आहे. निघताना शेळ्या कोणाकडे ठेवायच्या, म्हाताऱ्या आईचे औषध कोण आणील, पोरांच्या शाळेचे काय, एवढे सारे ठरते. सपरीत उभ्या असलेल्या मोटारसायकलचे काही ठरत नाही. तिच्यावर प्लॅस्टिकची ताडपत्री टाकायची, किल्ली आईच्या हाती द्यायची आणि सांगायचे, "मधून मधून कोणाकडून तरी किक मारून घेत जा."

अशाच एका ओळखीच्या घरची गोष्ट आहे. आईबाप मिरचीला गेलेले, मुलगी आजीजवळ राहून दहावीची परीक्षा देत होती. पहिल्या पेपरला मामाने तिला केंद्रावर सोडायचे ठरले होते. गाडी जानेवारीपासून उभी होती. सकाळी मामा आला, किक मारता मारता घामाघूम झाला, पण गाडी चालू झाली नाही. शेवटी शेजारच्या दूधवाल्याने मुलीला मागे बसवून नेले. पेपर मिळाला, पण तिने पहिला अर्धा तास थरथरत्या हाताने लिहिला असे आजी सांगत होती. नंतर मिस्त्रीने कार्बुरेटर उघडला तर आत तेलकट पिवळा चिकटा. गाडीत दुसरा काहीही दोष नव्हता.

हा चिकटा येतो कुठून? कार्बुरेटरच्या खाली एक छोटी वाटी असते. तिच्यात नेहमी थोडे पेट्रोल साचलेले असते आणि तेथूनच ते जेटमधून वर ओढले जाते. गाडी उभी राहिली की वाटीतले पेट्रोल हळूहळू उडून जाते आणि त्यातला जड भाग डिंकासारखा मागे राहतो. गाडी जागच्या जागी चालू ठेवणाऱ्या स्लो जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे. ते बुजायला कितीसा वेळ लागणार?

त्यात आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत देशभर तेच मिळू लागले. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. आपल्याकडे तलाव आणि बांध्या, त्यामुळे ओलाव्याला तोटा नाही. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते आणि पत्रा गंजू लागतो. जुन्या सीडी १००, बॉक्सर किंवा सुरुवातीच्या स्प्लेंडरमधले रबराचे वायसर आणि नळ्या या पेट्रोलासाठी बनलेल्याच नव्हत्या. त्या फुगतात किंवा कडक होऊन चिरतात. एप्रिल २०२० पासून बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बुरेटर गेला, पण आपल्या गावांतून जुन्या गाड्या गेलेल्या नाहीत आणि इतक्यात जाणारही नाहीत.

आता त्या "मधून मधून किक" विषयी. माझे स्पष्ट मत आहे की ही काळजी नव्हे, गाडीचे नुकसान आहे. थंड इंजिन दोन मिनिटे चालवून बंद केले की धुरातले पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते. ते उडून जाण्याइतकी उष्णता इंजिनात आलेलीच नसते. घरी चालवणारा कोणी विश्वासाचा असेल, तर आठवड्यातून एकदा त्याने गाडी चांगली पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर फिरवून आणावी. त्या मुलीच्या घरी असे ठरले असते तर मामाला घाम गाळावा लागला नसता. असा कोणी नसेल तर गाडीला हातच लावू नये. मात्र जाण्याआधी तिला नीट बंद करून ठेवावे.

ते काम एका सकाळचे आहे. ऑइल काळे झाले असेल तर आधी ते बदला, कारण जुन्या ऑइलमधले आम्ल आणि पाणी तीन महिने इंजिनाच्या भागांना खात बसते. मग गाडी चालवून आणा म्हणजे नवे ऑइल सगळीकडे फिरेल. टाकी पत्र्याची असल्यामुळे काठोकाठ भरलेली बरी, रिकाम्या जागेतच गंज धरतो. पण टाकी भरायला हजाराच्या वर रुपये लागतात आणि प्रवासाला निघालेल्या माणसाजवळ ते असतीलच असे नाही. नसतील तर टाकी पूर्ण रिकामी करून मिस्त्रीकडून आत थोडे ऑइल फिरवून घ्या. अर्धी टाकी ठेवणे सगळ्यांत वाईट. काढलेले पेट्रोल दुसऱ्याच्या गाडीत घाला. बाटलीत भरून घरात ठेवू नका, घरात चूल आहे.

टाकी भरून ठेवलीत तर इंजिन चालू असतानाच पेट्रोलचा कॉक बंद करा आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत थांबा. नंतर वाटीच्या तळाचा छोटा स्क्रू सैल करा. खाली स्टीलचे भांडे धरा आणि उरलेले पेट्रोल काढून घ्या. हे अंगणात करा, बिडी बाजूला ठेवून. स्क्रू परत बसवताना जोर करू नका, त्याचे आटे लवकर जातात. अख्ख्या कामात हीच पाच मिनिटे सर्वांत मोलाची आहेत. बाकी काही जमले नाही तरी एवढे कराच.

मग प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल सोडा, किल्ली बंद ठेवून किक हाताने चार-पाच वेळा दाबा आणि प्लग लावून टाका. बॅटरी काढून घरात ठेवा, काढताना आधी उणे बाजूची वायर सोडा. महिन्यातून एकदा ती दुकानात चार्ज करून घ्यायला शेजारच्या मुलाला सांगून ठेवा. चेनला ऑइल लावा. गाडी मोठ्या स्टँडवर उभी करून चाकांखाली फळी द्या.

आणि उंदीर! तणसाचा ढीग जवळ असेल तर ते फिल्टरच्या डब्यात घर करतात आणि वायरी कुरतडतात. गाडी तणसापासून दूर ठेवा. सायलेन्सरच्या तोंडात चिंधी कोंबा आणि तिचीच एक पट्टी हँडलला बांधा, म्हणजे परतल्यावर काढायची आठवण राहील. वरून प्लॅस्टिक नको, त्याखाली दव साचते. आईचे जुने लुगडे उत्तम.

विम्याची तारीखही निघण्याआधी पाहा. गाडीला पंधरा वर्षे झाली असतील तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पुढे दर पाच वर्षांनी तेच, हे विसरू नका. परतायला उशीरही होऊ शकतो. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक मजूर तिकडेच अडकले आणि काही तर पायी निघाले, हे आपण पाहिले आहे.

परतल्यावर घाई नको. चिंधी काढा, बॅटरी लावा, ऑइल पाहा. टाकी रिकामी ठेवली असेल तर ताजे पेट्रोल घाला. कॉक उघडून वाटी भरायला मिनिटभर द्या. किल्ली बंद असतानाच चार-पाच किका मारा, मग किल्ली फिरवा, चोक ओढा आणि एक्सिलेटरला हात न लावता किक मारा. सुरुवातीला निळसर धूर येईल, ते आपण सोडलेले ऑइल जळत असते. खालच्या नळीतून पेट्रोल गळू लागले तर वाटीवर पेचकसाची मूठ हलकेच ठोका, अडकलेली सुई बहुधा सुटते. गाडी चोकवर चालते आणि चोक बंद केला की मरते, असे झाले तर स्लो जेट बुजला समजा. तो पेट्रोलने धुवून सायकलच्या पंपाने हवा मारून साफ करा. तारेने कोरू देऊ नका, मिस्त्री कितीही जुना असला तरी. पितळेचे भोक एकदा मोठे झाले की गाडी पेट्रोल पिऊ लागते आणि मग नवा जेट आणण्यावाचून इलाज नाही.