इंजिन खोलायच्या आधी चाकं बघा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या तमाम पिकअपवाल्यांना, छोटा हत्तीवाल्यांना, त्यांच्या ड्रायव्हरांना आणि मेस्त्रींना कळकळीची विनंती.

पाऊस उघडलाय. खंडेनवमी तोंडावर आलीय. दिवाळीच्या पाडव्याला शाहू मार्केट यार्डात नव्या गुळाचे सौदे निघाले, साखर कारखान्यांचे भोंगे वाजले, की गाडीला उसंत नाही. म्हणून या आठवड्यात अनेकजण जुनी गाडी घेऊन गॅरेज गाठतात. तक्रार एकच : ‘ॲव्हरेज देईना’. आणि मग कर्ज काढून इंजिनाचं काम निघतं. थांबा. इंजिनाला पाना लावण्याआधी अर्धा दिवस चाकांना द्या.

हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही, ठेच लागली म्हणून सांगतोय. माझ्या मावसभावाची दहा वर्षं झालेली पिकअप बाराचं ॲव्हरेज द्यायची, ती एका पावसाळ्यात नऊवर आली. पहिला संशय कुणावर? ड्रायव्हरवर. डिझेल काढतोय, दुसरं काय! चार वर्षं इमानानं गाडी चालवणारा तो पोरगा त्या महिन्यात काम सोडून गेला. मग एका गॅरेजवाल्याने इंजिनाचा मोठा अंदाज दिला. ते पैसे भरायच्या आधी उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रीनं गाडी पाच किलोमीटर फिरवून आणली आणि चारी चाकांच्या ब्रेकवर पाण्याचे थेंब शिंपडले. तिन्हीवर पाणी नुसतं ओघळलं. मागच्या डाव्या ड्रमवर चर्रकन उडालं. “इंजिन न्हाई रं, चाक धरतंय तुझं,” एवढंच तो म्हणाला. व्हील सिलिंडर गंजून अडकला होता. ब्रेक लावून ठेवलेली गाडी आम्ही दोन महिने ओढत होतो आणि चोर ठरवला ड्रायव्हरला.

हे पावसाळ्यानंतरच जास्त का होतं? गगनबावड्याकडचा पाऊस, शिरोळ-करवीरचा चिखल, पुलाखालचं साठलेलं पाणी, हे सगळं ड्रममध्ये शिरतं. पिस्टन गंजतो, पाय उचलला तरी लायनर सुटत नाही. इंजिन बिचारं तक्रार न करता जास्त डिझेल पितं. तपासायला काहीच लागत नाही. ब्रेक फारसा न दाबता चार-पाच किलोमीटर जा, थांबा, पाणी शिंपडा. थेट हात लावू नका, कातडं सोलून निघेल. किंवा गाडी जॅकवर घ्या, चाक हातानं फिरवा. सपाटीवर न्यूट्रलमध्ये दोघांनी ढकलून गाडी सहज सरकत नसेल, तर दुखणं तिथंच आहे.

दुसरी गोष्ट हवा. सकाळी टायर थंड असताना भरा, दाराच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी, मागच्या चाकांना लोडच्या हिशेबानं. पंपावर हवा फुकट मिळते आणि तरी आपण टायरला लाथ मारून अंदाज घेतो!

आता मेस्त्रीमंडळींना हात जोडून. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकायची सवय सोडा. तो काढला की इंजिन लवकर गरम होत नाही, थंडच चालतं आणि थंड इंजिन डिझेल खातं. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करा, पंखा बघा. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारख्या कारागिरांचं नाव सांगणाऱ्या गावात पार्ट काढून टाकणं ही दुरुस्ती ठरू नये. जुन्या मेकॅनिकल पंपाची गाडी काळा धूर ओकत असेल, तर नोझलकडे जाण्याआधी एअर फिल्टर काढून बघा. तो तुंबला की हवा कमी पडते, पंप मात्र डिझेल तेवढंच सोडतो. न जळलेलं डिझेल तुमच्या डोळ्यांदेखत धूर होऊन जातं.

चुंबकं, पुड्या, टाकीत टाकायच्या गोळ्या घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं अशी शंभरावर साधनं तपासली. मायलेज ठळकपणे वाढवणारं एकही निघालं नाही. रॉकेल तर मुळीच नको. डिझेल पंपाला वंगणही देतं, रॉकेल पंप खातं.

आणि ही विनंती जिवाची आहे. करूळ, आंबा, फोंडा, आंबोली, कुठलाही घाट उतरताना न्यूट्रल मारू नका. त्यात डिझेल वाचतं हा निव्वळ गैरसमज आहे. गिअरमध्ये पाय सोडून उतरताना इंजिनाला चाकंच फिरवतात, डिझेलचा पुरवठा जवळपास तुटतो. न्यूट्रलमध्ये उलट आयडलवर डिझेल जळतच राहतं. चावी बंद केली तर आणखी वाईट : ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत संपतो, पाय दगडावर दाबल्यासारखा होतो आणि स्टिअरिंग लॉक झालं तर खाली दरी. पोटात गूळ-भाजी भरलेली गाडी तिथं कुणाचं ऐकत नाही.

हायवेबद्दल थोडक्यात. पीसीआरए ही 1978 पासून इंधन वाचवायचं काम करणारी सरकारी संस्था 45 ते 55 चा वेग सांगते. कागल ते शिरोली ऐंशीनं हाणलं, तर 55 च्या तुलनेत हवेचा अडथळा दुपटीहून जास्त होतो. त्यात फडफडणारी ताडपत्री असेल तर बघायलाच नको. वाचतात किती मिनिटं? पाच-सात. ती तावडे हॉटेलच्या चौकात जातातच.

मालकांनो, हिशेब करा. महिन्याला 2,500 किलोमीटर पळणारी गाडी दहाच्या ॲव्हरेजला 250 लिटर पिते, बाराला 208. लिटरला नव्वद रुपये धरले तरी महिन्याला सुमारे 3,750 रुपये वाचतात. त्यातला वाटा ड्रायव्हरला द्या. तोच पाय हलका ठेवणार आहे, तुम्ही नाही. यार्डातल्या व्यापाऱ्यांनीही रांगेतल्या गाड्या लवकर खाली करून घ्याव्यात. इंजिन चालू ठेवून तासभर उभं राहणं कुणाच्याच फायद्याचं नाही.

येत्या रविवारी सकाळी टाकी काठोकाठ भरा, मीटरचा आकडा डायरीत लिहा. पुढच्या रविवारी त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरून पळालेल्या किलोमीटरला भरलेल्या लिटरनं भागा. मीटर बंद पडलाय? तर पहिलं काम ते. त्याची दुरुस्ती करा, मगच ड्रायव्हरशी बोला.