टीकाकाराचा हेतू ओळखा, पण उत्तर मुद्द्याला द्या

डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. शिक्षण सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली, तिघांची निर्दोष मुक्तता झाली. तरीही 'अनिस धर्मबुडवी आहे' ही टीका आजही ऐकू येते. ही टीका करतं कोण आणि का करतं?

पहिला गट ज्यांचं दुकान बंद पडतं त्यांचा. भोंदू बाबा, मांत्रिक, जातपंचायतीचे पंच. त्यांचा हेतू उघड आहे. दुसरा गट भीतीवर राजकारण करणाऱ्यांचा. जादूटोणाविरोधी कायदा आला तर वारी बंद होईल, घरातली पूजा गुन्हा ठरेल, असा प्रचार झाला. डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात कोणत्याही धर्माचं नाव नाही. उलट वारी, कीर्तन, भजन यांना तो लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे.

तिसरा गट साध्या भाविकांचा. त्यांना कोणी कायदा वाचून दाखवला नाही, भीती मात्र घरोघर पोहोचवली. हे आपले शत्रू नाहीत. त्यांच्याशी बोलायचं असतं.

चौथा गट आपल्यातलाच. 'अनिस बुवाबाजीवर बोलते, पण देव-धर्माच्या मुळावर घाव घालत नाही. बाबासाहेबांनी तर १९५६ मध्ये २२ प्रतिज्ञा दिल्या' असं आपले कार्यकर्ते म्हणतात. हा आक्षेप वैचारिक आहे. देव-धर्माला सरसकट विरोध न करता, संविधानाच्या चौकटीत शोषणाला विरोध, ही दाभोलकरांची भूमिका होती. ती पटो वा न पटो, वाद मुद्द्याचा आहे. अशा टीकेला पहिल्या गटाच्या रांगेत बसवणं हा अप्रामाणिकपणा आहे.

हेतूचा प्रश्न बुद्धकाळापासूनचा आहे. चिंचा माणविकेने तथागतांवर खोटा आळ घेतला, तो इतर पंथीयांच्या सांगण्यावरून. भगवंतांमुळे त्यांचा मानसन्मान आणि दान आटलं होतं. हेतू लाभाचाच होता. पण ब्रह्मजाल सुत्तात भगवान भिक्खूंना काय सांगतात? कोणी बुद्ध, धम्म, संघाची निंदा केली तर रागावू नका. रागावलात तर त्याचं म्हणणं खरं की खोटं हे तुम्हालाच कळणार नाही. जे खोटं असेल ते खोटं का, हे समजावून सांगा.

तरुण मित्रांनो, हे आपल्या संघटनांनाही लागू आहे. विहाराच्या वर्गणीचा हिशेब मागणारा, व्यासपीठावर महिला का नाहीत असं विचारणारा, लगेच 'मनुवादी' किंवा 'विरोधकांचा माणूस' ठरतो. त्याचा हेतू वाईट असेलही, पण म्हणून हिशेब द्यायचा राहत नाही. हेतू ओळखल्याने सावध राहता येतं. आरोप मात्र पुराव्यानेच खोडावा लागतो.

दाभोलकरांच्या मारेकऱ्यांकडे गोळ्या होत्या, उत्तर नव्हतं. आपल्याकडे उत्तर असलं पाहिजे.

जय भीम, नमो बुद्धाय!